आमचं खातं कुठलं?

निवडणूक जवळ आली की लालबागच्या नाक्यावर माईक घेतलेली पोरं दिसायला लागतात. बिचारी उन्हातान्हात फिरतात, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्यांना प्रश्न लिहून देणाऱ्यांवर. प्रश्न ठरलेला असतो : ‘हा भाग आधी लाल होता, मग भगवा झाला, आता कुणाचा?’ म्हणजे आम्ही जणू चाळीची भिंत. एकदा या रंगानं सारवली, एकदा त्या रंगानं. भिंतीच्या आतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कोण राहतं, काय खातं, कुणाचं देणं लागतं, याच्याशी कुणाला घेणं नाही.

गावाकडचे आमचे भाऊबंदही यात मागं नाहीत. पारावर बसलेला एखादा मला लांबून बघूनच म्हणतो, ‘‘आलं बगा शिवसेनावालं.’’ का? तर मी मुंबईचा. आणि मुंबईत कुणी गाव विचारलं, मी पाटण तालुका म्हणालो, की समोरचा हसून म्हणतो, ‘‘सातारकर म्हणजे काँग्रेसवाले तुम्ही.’’ एकच माणूस कऱ्हाडच्या स्टँडवर एसटीत बसताना एका पक्षाचा असतो आणि परळला उतरताना दुसऱ्या पक्षाचा होतो. मधे वाटेत घाटात कुठं धर्मांतर होतं हे मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या तात्यांचंच घ्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. कोयनेच्या खोऱ्यात वडिलोपार्जित जमिनीचे इतके तुकडे झाले होते की बैल वळवायला जागा उरेना, तेव्हा ते मुंबईला आले आणि साचेखात्यात लागले. गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची जागा मिळाली. तिथं तीस-पस्तीस माणसं पाळीपाळीनं झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा. तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि आषाढीला रजा मिळाली नाही तर ते खाडा करून पंढरपूरला जायचे.

आता त्यांचा ‘पक्ष’ ऐका. खिशात पावती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. ही काँग्रेसच्या बाजूची युनियन. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणीधंद्यात मान्यता एकाच युनियनला, मालकाशी बोलणी करायचा हक्क तिलाच. पावती फाडली नाही तर खात्यात नडायचं. वर्गणी मात्र मनापासून द्यायचे ती लाल बावट्याला, कारण जॉबरच्या चिरीमिरीविरुद्ध आणि पगारकपातीविरुद्ध पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्या लोकांनी, हे त्यांनी जुन्या कामगारांकडून ऐकलं होतं. संध्याकाळी कधीमधी शिवसेनेच्या शाखेतही बसायचे. चुलत बहीण लहान असताना रात्री अकरा वाजता तिला फिट आली, तेव्हा गाडी काढून केईएमला नेणारी पोरं शाखेची होती. आणि गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत तात्यांचं मत कायम काँग्रेसच्या पॅनेलला. भावाचं पीककर्ज तिथून निघायचं.

मी कॉलेजात जायला लागलो होतो आणि तिथं नुकतीच वर्गलढ्याची भाषा शिकलो होतो. त्यांना म्हणालो, ‘‘तात्या, तुम्ही नक्की कुणाचे?’’

ते तंबाखू मळत म्हणाले, ‘‘आरं लेका, पावती म्हंजे काय लगीन हाय व्हय?’’

शिकलेली माणसं याला वैचारिक गोंधळ म्हणतात. मला त्यात गोंधळ दिसत नाही. सोसायटी वेगळी, गिरणी वेगळी, चाळ वेगळी, दिल्ली वेगळी. चार ठिकाणी चार प्रश्न विचारले गेले आणि माणसानं चार उत्तरं दिली. चारी ठिकाणी एकच उत्तर देणारा माणूस मला अधिक संशयास्पद वाटतो.

आता ‘लाल होतं ते भगवं झालं’ या गोष्टीकडं येऊ. ही गोष्ट सांगणारे नेहमी १९७० वर बोट ठेवतात. त्या वर्षी ५ जूनला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. इथं गोष्ट संपवतात. लाल गेलं, भगवं आलं, पडदा. पण महाडिकांचं मताधिक्य दोन हजारांच्याही आतलं होतं. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं दुसऱ्या बाजूला उभी होती. ती काय त्या रात्रीत अरबी समुद्रात बुडाली?

नव्हती बुडाली. १९७४ च्या जानेवारीत गिरणगावाचा मोठा भाग असलेल्या मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते आणि शिवसेना त्यांच्या मागं होती. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली होती, दलित पँथरनं बहिष्कार पुकारला होता. निवडून कोण आलं? कम्युनिस्ट रोझा देशपांडे, कॉम्रेड डांग्यांची मुलगी. सव्वातीन वर्षांपूर्वी ज्यांना ‘भगवे’ म्हणून नोंदवून टाकलं होतं, त्यांतल्या कितीतरी जणांनी या वेळी विळ्यावर शिक्का मारला असला पाहिजे. नाहीतर हिशोब जुळत नाही.

त्याच्या आधीचं बघा. शिवसेना निघाली १९ जून १९६६ ला. दुसऱ्याच वर्षी याच पट्ट्यानं डांग्यांना लोकसभेत पाठवलं. १९६७ च्या अखेरीला परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या कचेरीवर सेनेचा हल्ला झाला, तेव्हा मारणारी आणि मार खाणारी पोरं बऱ्याचदा एकाच गिरणीतल्या बापांची होती. गणपतीत एकाच मांडवाखाली लेझीम खेळलेली. त्यांना ‘विचारधारा’ विचारल्या असत्या तर दोन्हीकडच्यांनी भाववाढ, घर आणि पोराला नोकरी हे तीनच शब्द काढले असते.

आणि १९८४! त्या वर्षी इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसची अशी लाट आली की भलेभले वाहून गेले. शिवसेनेचे मनोहर जोशी भाजपच्या कमळावर उभे होते, तेही पडले. त्या लाटेत दक्षिण मध्य मुंबईनं डॉ. दत्ता सामंतांना निवडून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप तेव्हा खरं म्हणजे हरलेला होता. अडीच लाख माणसं बाहेर पडली होती, त्यांतली कितीतरी गावी परतली होती, बायकांच्या अंगावरचं डोरलं गहाण पडलं होतं. संपाची एक मोठी मागणीच ही होती, की तो १९४६ चा कायदा बदला आणि त्या मान्यताप्राप्त युनियनची मक्तेदारी मोडा. म्हणजे जिची पावती तात्यांच्या खिशात, तिच्याविरुद्धच तात्या संपावर. आणि ज्या डॉक्टरांच्या मागं गेले ते स्वतः १९७२ ला काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून आलेले, मग आणीबाणीत काँग्रेसच्याच राज्यात तुरुंगात गेलेले. सांगा आता, कुठल्या खणात ठेवता?

थांबा, अजून पुढं आहे. सामंत निवडून आल्यावर पाच महिन्यांच्या आत महापालिकेची निवडणूक झाली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या एका विधानावरून ‘मुंबई तोडणार’ अशी हाकाटी उठली आणि १९८५ मध्ये मुंबई महापालिका शिवसेनेनं जिंकली. दिल्लीला लाल डॉक्टर, महापालिकेत भगवा नगरसेवक. तात्यांनी दोन्हीकडं मतं दिली होती आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. डॉक्टर आपल्यासाठी भांडला म्हणून डॉक्टरला, मुंबई आपली म्हणून सेनेला. गटार तुंबलं तर नगरसेवक लागतो, खासदार येत नाही, हे तर त्याहून सरळ कारण.

गिरगावबद्दलही असाच एक ठसा आहे. गिरगाव म्हणजे पांढरपेशे, नाट्यसंगीत, थालीपीठ, जुन्या वळणाची माणसं. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तो हा भाग. हे गिरगाव ज्या दक्षिण मुंबई मतदारसंघात होतं तिथं १९६७ ला स. का. पाटील उभे होते. तळकोकणातला मराठी माणूस, तीनदा महापौर झालेला, केंद्रात मंत्री, मुंबईचा बिनमुकुटाचा राजा. समोर जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरकडचा, घराणं ख्रिस्ती, पक्ष समाजवादी, वय सदतीससुद्धा पुरं नाही. जॉर्ज जिंकले. मतदारसंघात गुजराती होते, मुसलमान होते, सगळं श्रेय गिरगावच्या चाळींना देता येणार नाही. पण संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची पाटलांची भूमिका या चाळी विसरल्या नव्हत्या. मराठीच्या रागापायी मराठी माणूस पाडला आणि अमराठी निवडला. आजच्या चर्चावाल्यांना हे उलगडून सांगायला लागलं तर त्यांची जाहिरातीची वेळ होईल.

मला खरा राग कशाचा येतो सांगतो. पुढारी मिसळले तर ती मुत्सद्देगिरी, आणि मतदार मिसळला तर तो चंचल. संयुक्त महाराष्ट्र समितीत डांगे होते, अत्रे होते, एसेम जोशी होते आणि प्रबोधनकार ठाकरेही होते. १९६८ ची महापालिका शिवसेनेनं प्रजासमाजवाद्यांचा हात धरून लढवली. आणीबाणीला सेनेनं पाठिंबा दिला. संपाच्या वर्षी शिवाजी पार्कच्या दसरा मेळाव्यात बाळासाहेबांच्या शेजारी शरद पवार आणि तेच जॉर्ज फर्नांडिस बसले होते. अलीकडची पाच-सहा वर्षं तर काढूच नका, कोण कुणाबरोबर हे लक्षात ठेवायला वही करावी लागते. या सगळ्यांच्या आत्मचरित्रांत याला ‘काळाची गरज’ म्हणतील. आणि आमच्या तात्यांना म्हणणार, यांना राजकीय समज नव्हती.

समजेचं बोलायचं तर मी खाणावळवाल्या बायकांकडं बोट दाखवीन. गिरणगाव त्यांच्या चुलीवर जगलं. एकेक बाई वीस-वीस गड्यांना दोन वेळ जेवू घालायची, पैसे पगाराला, आणि वाण्याची उधारी रोजची. सावकाराचं व्याज त्यांना पोखरत होतं. १९७५ ला प्रेमा पुरव या लाल बावट्याच्या बाईंनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ती बँक गरीब बाईला उभं करायला लागली ती इंदिराबाईंनी बँका सरकारी केल्यावर. आमच्या गावकीची खाणावळवाली मावशी कोल्हापूरकडची. तिच्या भिंतीवर एका खिळ्याला अंबाबाई आणि दुसऱ्याला इंदिराबाई. मंडळाच्या मोर्चात ती प्रेमाताईंच्या मागं चालायची. मत कुणाला दिलं ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. ‘‘त्येला कशापायी सांगू? त्यो उद्या नाक्यावर वराडंल.’’ संपात तिनं कितीतरी महिने गडी उधारीवर जेवू घातले. अर्धी उधारी बुडाली. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तू डावी का उजवी.

इथवर वाचून एखादा म्हणेल, तुम्ही साध्या माणसाला फार गोड करून दाखवताय. त्याचं म्हणणं रास्त आहे. मिसळलेला माणूस म्हणजे चांगला माणूस असं मी म्हणत नाही. ज्या लाल बावट्याचे गोडवे मी गातोय, त्याच्या ऐन भराच्या काळातही साचेखात्यात दलिताला घेत नसत. कांडीचा दोरा धोट्यातून तोंडानं ओढावा लागायचा आणि विटाळ आडवा यायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडावा लागला. सगळे कामगार एक असं म्हणणाऱ्या तोंडांनाच त्या दोऱ्याची शिवाशिव चालत नव्हती. तात्यांच्या पिढीपर्यंत ते बरंच ढिलं झालं होतं, पण गावकीच्या खोलीत वळकटी कुणाची पडायची आणि कुणाची नाही, हे जातीवरच ठरलेलं होतं.

आणि १९९२-९३. श्रीकृष्ण आयोगानं त्या दिवसांत कुणी काय केलं ते लिहून ठेवलंय, अहवाल १९९८ मध्ये सरकारनं मांडला आणि बाजूला ठेवला. ज्यांनी तेव्हा हातात काठी घेतली त्यांची बाजू मी ‘मिश्र विचार’ म्हणून सावरणार नाही. तात्यांनी काठी घेतली नाही. पण ते कुणाला वाचवायलाही गेले नाहीत. पुढं एकदा मी विचारलं तर म्हणाले, ‘‘दार लावून बसलो.’’ एवढंच. पलीकडच्या गल्लीत त्यांच्याच खात्यातला एक मुसलमान साचेवाला राहायचा. तो नंतर दिसला नाही, आणि तात्यांनी त्याचं नावही पुन्हा काढलं नाही. माळकरी माणूस, लाल बावट्याचा वर्गणीदार, शाखेत बसणारा. दार लावून बसला. यातलं कुठलं लेबल त्या दाराचा उलगडा करतं? मला तर एकही दिसत नाही. ते दार तात्यांनी स्वतः लावलं, कुठल्या पक्षानं नाही, आणि त्याचा जाबही त्यांनाच विचारायला हवा. ‘तो भाग तसलाच’ म्हणून टाकलं की जाब विचारायची सोयच राहत नाही.

बरं, या लेबलांनी आमचं काय बिघडलं, असंही कुणी विचारील. घरं गेली, हे बिघडलं.

गिरण्यांच्या जमिनीबद्दल १९९१ ला नियम झाला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा. साधारण अर्थ असा, की जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. सरकार काँग्रेसचं होतं. १९९५ ला युतीचं सरकार आलं, गेलं. २००१ ला पुन्हा काँग्रेस आघाडीच्या काळात नियमात बदल झाला : वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची. गिरणीची जमीन म्हणजे बहुतेक शेड. मोकळं असं कितीसं असणार? वाटणीला तुकडा उरला. २००६ ला सुप्रीम कोर्टानंही तो बदल कायम ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी दादरच्या कोहिनूर मिलची जमीन ४२१ कोटींना विकली गेली आणि घेणाऱ्यांत मनोहर जोशींच्या चिरंजीवांची आणि राज ठाकरे यांची कंपनी होती. मराठी माणसाच्या नावानं राजकारण करणाऱ्यांनी मराठी माणसाच्या गिरणीची जमीन घेतली. कायद्यात बसत होतं म्हणतात. असेलही.

या सगळ्या वर्षांत कुठल्याही पक्षाला गिरणगावाची भीती का वाटली नाही? एकाला वाटायचं, ही माणसं आपलीच आहेत, जातील कुठं. दुसऱ्याला वाटायचं, ही त्यांचीच आहेत, यांच्यासाठी कशाला झिजा. लाल बावट्याचे लोक उरले होते थोडे, त्यांना वाटायचं ही आता त्यांची झाली, आपलं ऐकणार नाहीत. तिघांनीही आमचं खातं आधीच मांडून ठेवलं होतं. ज्याचं मत ठरलेलं आहे असं समजतात, त्याच्या दारात कुणी काही घेऊन येत नाही. बाजारात सुद्धा जुन्या गिऱ्हाइकाला वाणी निवडून सडकाच कांदा घालतो.

घरासाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे दीड लाखाहून जास्त अर्ज आले. म्हाडाच्या सोडती झाल्या, २०१२ ला, २०१६ ला, २०२० ला. नंबर लागला तो दहातल्या एकाचा म्हणा, तेवढाही नाही. बाकीच्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतात. आयुष्य परळच्या भोंग्यावर काढलं आणि घर तिकडं डोंगराच्या पायथ्याला. त्यापेक्षा आमचं पाटण काय वाईट होतं? २०२५ च्या जुलैत याच मागणीसाठी आझाद मैदानावर कामगार जमले, तेव्हा मंचावर लाल बावट्याचे लोकही होते आणि उद्धव ठाकरेही येऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी चर्चेत म्हणालंच, की ‘हे विचित्र समीकरण आहे’. विचित्र तुम्हाला. खाली सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना सगळे चेहरे ओळखीचे होते आणि प्रत्येकाकडून काय येणं बाकी आहे तेही पाठ होतं.

तात्या गेले. त्यांची वारस म्हणून आमच्या काकीचा अर्ज आहे. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. चाळीतल्या त्याच खोलीत राहते, गुडघे धरून जिना उतरते. मागच्या निवडणुकीत तीन पक्षांच्या पोरांनी तिच्या दारात तीन मतदार चिठ्ठ्या आणून दिल्या, नाव बरोबर, खोली नंबर बरोबर, यादीतला क्रमांक बरोबर. मतदानाच्या दिवशी खुर्चीत बसवून न्यायलाही आले, आणि दोन पक्षांच्या पोरांत ती खुर्ची कोण उचलणार यावरून जिन्यात बाचाबाची झाली. काकीनं दोघांकडूनही चहा घेतला. घराच्या अर्जाचा कागद तिनं तांदळाच्या डब्यात ठेवलाय, वर प्लास्टिकची पिशवी बांधून. वर्षातून एकदा मला काढायला लावते आणि विचारते, ‘‘बघ की रं, ह्येच्यावर काय नवीन उमटलंय का?’’